तळ्याच्या राखणदारांचा सन्मान

स्मरणिकेचं चौदावं पान शुक्रवारी दुपारी धाकटीच्या टेबलावर आलं आणि तिने ते नेहमीप्रमाणे शेवटून वाचायला घेतलं. अकरा वर्षं प्रेसमध्ये प्रूफं तपासून तिला ही युक्ती सापडली होती. शेवटच्या शब्दापासून मागे मागे येत गेलं की मजकुराचा अर्थ लागत नाही, नुसती अक्षरं दिसतात, आणि चुका आपसूक वर येतात. तिने ‘आदर्श’वरचा निसटलेला रफार दिला, ‘हस्तांतरण’मधला अनुस्वार भरला, ‘स्वेच्छेने’ दोनदा पडलं होतं त्यातलं एक उडवलं. मग पान सरळ धरून ती पहिल्या ओळीपासून वाचू लागली.

पान त्यांच्याच घराबद्दल होतं. परिसरासाठी राबणाऱ्या माणसांचा आणि मंडळांचा नगर कार्यालय दर वर्षी सन्मान करी, आणि यंदा तो तिच्या सासऱ्यांच्या तळे मंडळाला मिळाला होता. त्याआधी बारा वर्षं अर्ज जात होता आणि बारा वर्षं दुसऱ्याच कुणाची तरी वर्णी लागत होती. एका वर्षी तर एका कंपनीने फोटोपुरती रोपं लावली, फोटो निघाल्यावर गाडीत घालून परत नेली, आणि सन्मान त्यांनाच मिळाला. सासरे ती गोष्ट अजून हसत हसत सांगत, पण शेवटी शेवटी त्यांचं हसू मिशीतच राही.

पहिला परिच्छेद सासऱ्यांवर होता. कारखान्यात लेथवर काम करणारा एक टर्नर एकतीस वर्षांपूर्वी बांबूला आकडा लावून बायकोबरोबर तळ्यावर गेला आणि जलपर्णी ओढून काढू लागला, तिथपासून सगळं होतं. दुसरा परिच्छेद तिच्या नवऱ्यावर होता. ‘हे कार्य करतानाच ज्यांनी प्राण वेचले,’ असं लिहिलं होतं. घरात त्याला सगळे बेडक्या म्हणत, कारण लहानपणापासून तो पाण्यातून बाहेर येतच नसे. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती. तिने त्या ओळीतली जोडाक्षरं दोनदा तपासली. ती बरोबर होती.

तिसऱ्या परिच्छेदात म्हटलं होतं की, नियोजित बायपाससाठी तळ्याच्या जागेचं हस्तांतरण करायला मंडळाने स्वेच्छेने संमती दिली असून समाजापुढे आदर्श ठेवला आहे.

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. मग उठून कंपोझिटरकडे गेली आणि हा मजकूर कुठून आला, असं विचारलं. तो म्हणाला, कार्यालयाकडून, तुमच्या थोरल्या दिरांनीच पाठवलाय, तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं.

मशीनवर आधीच्या पानांचा फॉर्मा चढलेला होता आणि फोरमन चौदावं पान मागत दारात उभा होता. पानात आता एकही चूक नव्हती. धाकटीने कोपऱ्यात ‘वाचले, छापावे’ असं लिहून सही केली आणि पान त्याच्या हातात दिलं. दुसरी प्रत तिने चौघडी घालून पर्समध्ये ठेवली. सही करताना आपला हात जरासुद्धा थांबला नाही, याचंच तिला घरी पोचेपर्यंत नवल वाटत राहिलं.

*

शनिवारी दुपारी धाकटीचा थोरला दीर, नगर कार्यालयातला इंजिनिअर, बायकोला घेऊन वडिलांच्या घरी पोचला तेव्हा सगळं त्याने ठरवल्याप्रमाणे चाललं होतं. मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून वडील मान वर करून बसले होते. कोपऱ्यावरचा सलूनवाला त्यांच्या गालांना साबण लावत होता. तो बावीस वर्षं मंडळात होता. एके काळी रविवारी साठ माणसं तळ्यावर उतरत, आता त्यातले वडील, धाकटी आणि हा, असे तिघेच उरले होते. टर्नरसाहेबांची दाढी आज फुकट, पण स्टेजवर सलूनचं नाव घ्यायचं, अशी त्याची थट्टा चालली होती. सकाळच्या बसने आलेली त्याची बहीण, ताई, आतल्या खोलीत इस्त्री करत होती. ती लांबच्या एका गावी सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि एका दिवसाची रजा काढून आली होती. वहिनीने, म्हणजे इंजिनिअरच्या बायकोने, सासऱ्यांसाठी घेतलेला नवा सदरा डब्यातून काढून टाचण्या काढायला घेतल्या.

चारला हॉलवर पोचायचं, पाचला कार्यक्रम, वडिलांची खुर्ची पहिल्या रांगेत. इंजिनिअरने ती खुर्ची स्वतः जाऊन पाहून ठेवली होती. गेल्या कित्येक महिन्यांत त्याच्या जिवाला एवढं हलकं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात धाकटी आतून आली आणि तिने एक घडीचा कागद त्याच्यापुढे उलगडून धरला.

“दादा, हा तिसरा परिच्छेद तुम्ही लिहिलात?”

त्याला वाचायची गरज पडली नाही. छापून हातात पडेल तेव्हा पडेल, तोवर कार्यक्रम उरकलेला असेल, असा त्याचा हिशेब होता. ती ज्या प्रेसमध्ये काम करते त्याच प्रेसला स्मरणिका गेली असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तो सांगू लागला. बायपास वरून मंजूर होऊन आला होता, निविदा निघाल्या होत्या, तळं जाणार हे दगडावरच्या रेघेसारखं होतं. मंडळ कोर्टात गेलं असतं तर काम दोनएक वर्षं लांबलं असतं, इतकंच. त्याच्या साहेबांनी त्याला बोलावून सांगितलं होतं की, मंडळ तुझ्या वडिलांचं, फाइल तुझ्या टेबलावर, तेव्हा तूच काय ते बघ. त्याने बघितलं. तळं जायचंच होतं, तर निदान वडिलांच्या पदरात त्यांचा मान तरी पडावा, असं त्याला वाटलं. यात त्याचं काय चुकलं, ते कुणीतरी सांगावं.

ताई इस्त्री तशीच उभी करून दारात आली होती. तिने कागद घेतला, वाचला आणि परत दिला.

“म्हणजे तळं दिलंस आणि फ्रेम घेतलीस.”

“तू इथे नसतेस, ताई,” तो म्हणाला. “तुला काय बोलायला जातंय.”

सलूनवाल्याचा हात थांबला होता. त्याने वस्तरा पंच्याला पुसला आणि अगदी सावकाश विचारलं, सन्मानाचा अर्ज म्हणून त्याचीही सही घेतली होती, ती याचीच का. इंजिनिअर म्हणाला, अर्ज सन्मानाचाच होता, त्यात खाली संमतीचं एक कलम होतं.

“खालचं मला चष्म्याशिवाय दिसत नाही,” सलूनवाला म्हणाला. “तुम्ही म्हणालात सही करा, मी केली. तुम्ही टर्नरसाहेबांचे चिरंजीव.”

यानंतर वहिनी बोलली, आणि ती काय बोलली याची इंजिनिअरला अजिबात अपेक्षा नव्हती. पंधरा वर्षं ती तळ्याला ‘तुमचं ते डबकं’ म्हणत आली होती. रविवारी सासरच्यांच्या कपड्यांना वास येतो म्हणून तिने वेगळं बिऱ्हाड मागून घेतलं होतं. आता ती टाचण्यांचा पुडा हातात धरून धाकटीच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“मला म्हणालात, बाबांना विचारून केलंय.”

“विचारूनच केलंय,” तो म्हणाला.

ताईने ते धरलं. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, वर्तमानपत्राचे मथळे त्यांना दिसत नाहीत, आणि विचारून केलं म्हणजे काय, कागदावर बोट ठेवून इथे सही करा म्हणालास, हेच ना, असं ती म्हणाली. बेडक्या असता तर तुझी हिंमत झाली नसती, असंही म्हणाली. इंजिनिअर खाली बघत उभा राहिला. त्याला उत्तर देता आलं असतं. पण वडिलांनी त्याच्याकडून शब्द घेतला होता, आणि तो मोडायचा नाही असं त्याने ठरवलं होतं. आयुष्यात एवढी एक गोष्ट आपण बाबांसाठी करतोय, असं त्याला वाटत होतं.

*

म्हाताऱ्याच्या अर्ध्या गालावरचा साबण वाळून ओढायला लागला होता. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळे थोरल्याकडे बघत होते, आणि थोरला मान खाली घालून ऐकून घेत होता.

अजून पाच मिनिटं गप्प बसलं की झालं. धाकटी दादाशी बोलायची बंद होईल, ताई चिडून निघून जाईल, पण ते सगळं थोरल्याच्या माथी जाईल आणि तो ते पेलेल. धडधाकट आहे. म्हाताऱ्याने हे असं मनाशी मांडून पाहिलं आणि त्याला स्वतःची शिसारी आली. गेली सहा वर्षं तो रोज हेच करत आला होता.

“त्याने मला वाचून दाखवलं होतं,” तो म्हणाला. “ते कलमसुद्धा. दोनदा.”

कुणालाच पटकन समजलं नाही.

“तळं बुजतंय तर बुजू दे, पण धाकटीला सांगू नकोस, असं मीच म्हणालो.”

मग त्याने सगळं सांगितलं. लेथवर केसाच्या जाडीचं माप धरायची सवय असल्यामुळे त्याने फार पूर्वी एका लोखंडी सळईवर बारीक खाचा पाडून ती तळ्याच्या पायरीजवळ रोवली होती. पाणी किती चढलं, किती उतरलं, ते तो दर रविवारी तिच्यावर बघे. एका उन्हाळ्यात कॉलनीची ड्रेनेज लाइन दुरुस्तीसाठी चार दिवस बंद ठेवली होती. त्या चार दिवसांत तळं चार बोटं उतरलं. पाचव्या दिवशी लाइन सुरू झाली आणि सकाळपर्यंत पाणी पुन्हा जुन्या खाचेवर आलं. तो पहार घेऊन झऱ्यांच्या जागा एकेक करून उकरत गेला. तिन्ही झरे कोरडे होते. किती वर्षांपासून कोरडे होते देव जाणे. तळ्यात जे पाणी होतं ते गटाराचं होतं, फुटलेल्या लाइनीतून येणारं, आणि साठ माणसं दर रविवारी कंबरेएवढ्या गटारात उतरून जलपर्णी काढत होती. जलपर्णी वाढत होती तीसुद्धा त्याच्यावरच.

“वाटलं, कार्यालयाला कळवावं, लाइन दुरुस्त करून घ्यावी,” तो म्हणाला. “पण लाइन बंद केली तर तळं आटणार. आणि लाइन चालू ठेवून लोकांना सांगितलं तर मंडळ मोडणार. मला दोन्ही नको होतं. म्हटलं, एवढा हंगाम जाऊ दे.”

धाकटीने कागदाची पुन्हा घडी घातली. तिचा आवाज चढला नव्हता.

“हे कधीचं?”

म्हाताऱ्याला प्रश्न कळला. त्याने ‘नंतरचं’ म्हटलं असतं तर ते खोटं आहे हे सांगायला जगात कुणी नव्हतं.

“तो जायच्या आधीचं,” तो म्हणाला. “आठ महिने आधीचं.”

“त्याला माहीत होतं?”

“नाही.”

म्हातारा बोलतच राहिला, कारण आता थांबलो तर पुन्हा बोलवणार नाही याची त्याला भीती वाटत होती. आजारी पडायच्या आधीच्या रविवारी बेडक्याचा पाय फुटक्या कौलावर कापला. तो वर आला, पायरीवर बसून फडकं बांधलं, बापाला हसून म्हणाला की अजून दोन ढीग राहिलेत, आणि परत उतरला. म्हातारा तिथेच उभा होता. बाहेर ये, एवढं म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण मग का म्हणून विचारलं असतं, आणि आजूबाजूला माणसं होती.

*

ताईला दारात उभ्या उभ्या दवाखान्यातली ती दुपार आठवली. भावाला भरती केल्याचं कळल्यावर ती सहा तास प्रवास करून आली होती. ताप उतरत नव्हता, डोळे पिवळे लाल झाले होते, पोटऱ्या दुखतात म्हणून तो कण्हत होता. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, घाण पाण्याशी संबंध आला होता का. ती व्हरांड्यात वडिलांकडे गेली होती आणि तिने तेच त्यांना विचारलं होतं.

“बाबा, मी तुम्हाला विचारलं होतं,” ती म्हणाली. “पाणी कसलं आहे, म्हणून विचारलं होतं.”

म्हाताऱ्याने मान हलवली.

“तुम्ही म्हणालात, झऱ्याचं आहे. मी आत जाऊन डॉक्टरांना तसं सांगितलं. माझ्या तोंडाने सांगितलं. दोन दिवस ते साध्या तापाची औषधं देत राहिले. तिसऱ्या दिवशी घाण पाण्याचा ताप, लेप्टो, निघाला.”

“हो,” म्हातारा म्हणाला.

यापुढे तिला काही विचारायचं नव्हतं. मघाशी ती धाकटीची बाजू घेऊन दादावर तुटून पडली होती. आता तिला धाकटीकडे बघवेना. आत जाऊन तिने इस्त्रीचा प्लग काढला आणि आपले कपडे पिशवीत भरायला सुरुवात केली. सहा वर्षं ती रोज परक्या माणसांना, कुठलं पाणी प्यालात, कुठे उतरला होतात, असं खोदून खोदून विचारत आली होती. दवाखान्यात तिच्या या सवयीची थट्टा होई. दादा तिच्यामागे आत आला आणि म्हणाला, हे पाण्याचं त्यालाही माहीत नव्हतं, त्याला फक्त कलमाचं माहीत होतं. तिने ते खरं मानलं. पिशवी मात्र ती भरतच राहिली.

बाहेर सलूनवाल्याने उरलेली दाढी पुरी केली. अर्धी दाढी टाकून उठणं त्याला जमलं नाही. त्याने नेहमीसारखाच हलका हात चालवला, गाल ओल्या पंच्याने पुसला, हनुवटीखाली एक खुंट राहिला होता तोही काढला. मग सामान पेटीत भरलं. मी कार्यक्रमाला येत नाही, असं तो म्हणाला, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. त्याच्या दोन्ही पोटऱ्यांवर बावीस वर्षांच्या खाजेचे काळे डाग होते. ते तळ्याचं शेवाळ सोसत नाही म्हणून, असं तो सगळ्यांना सांगत आला होता.

आता कुणीच जायचं नाही, असं वहिनी म्हणाली. इंजिनिअरने कपाळाला हात लावला. पत्रिका छापल्या होत्या, पाहुणे येणार होते, साहेब स्वतः विचारतील. बायकोने त्याच्याकडे असं काही पाहिलं की त्याने वाक्य अर्धवटच सोडलं.

“मी जाणार आहे,” धाकटी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं.

“तिथे त्याचं नाव वाचणार आहेत. ते ऐकायला त्याचं कुणीतरी नको का?”

आणि ती कपडे बदलायला आत गेली. नवा सदरा खुर्चीच्या पाठीवर पडला होता. थोड्या वेळाने म्हाताऱ्याने तो आपण होऊन अंगात घातला.

*

हॉल अर्धा भरला होता. आधी पक्ष्यांची मोजदाद करणाऱ्या एका मास्तरांचा सन्मान झाला, मग गच्च्यांवर पडणारं पाणी साठवणाऱ्या एका वसाहतीचा, मग बाजारातल्या भाजीवाल्यांच्या गटाचा. त्या बाराजणी एकदमच स्टेजवर चढल्या. नऊ वर्षं त्या बाजाराचा पालापाचोळा खड्ड्यांत कुजवून खत करत होत्या. एका फ्रेमला बारा हात कसे लागतील यावरून त्यांची स्टेजवरच कुजबुज झाली आणि हॉल हसला. ते हसू मनापासूनचं होतं. पहिल्या रांगेत धाकटी आणि म्हातारा बसले होते, दोघांच्या मध्ये वहिनी. ताई परस्पर बसस्टँडवर गेली होती.

मग सूत्रसंचालकाने चौदावं पान वाचलं. दुसऱ्या परिच्छेदाला लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यालाही वाजवल्या. धाकटीचं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं. ‘प्राण वेचले’ म्हणताना तो माणूस अडखळला होता, आणि ती ओळ तिने दोनदा तपासलेली होती.

म्हातारा स्टेजवर गेला. गाडीत बसल्यापासून त्याने दोन वाक्यं जुळवली होती. तळं केव्हाच मेलंय. माझ्या मुलाला मी सांगितलं नाही. एवढंच म्हणायचं होतं. माइक हातात आला तेव्हा दिव्यांच्या उजेडात त्याच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना समोर नुसतं पांढरं दिसत होतं. त्या पांढऱ्यात माणसं बसली आहेत आणि ती त्याच्यावर प्रसन्न आहेत, हे मात्र त्याला जाणवत होतं. एकतीस वर्षं त्याने याची वाट पाहिली होती.

“सगळ्यांचा आभारी आहे,” तो म्हणाला आणि खाली उतरला.

बाहेरच्या पॅसेजमध्ये चहा होता. भाजीवाल्यांची म्होरकी गर्दीतून वाट काढत धाकटीपाशी आली. ठेंगणी, दणकट बाई, हातातली फ्रेम तिने छातीशी धरली होती. खड्डा कसा खणायचा, थर कसे द्यायचे, हे त्यांना तिच्या नवऱ्यानेच शिकवलं होतं, असं ती म्हणाली. तो स्वतः खड्ड्यात उतरला होता, आणि पहिल्यांदा कुजका कोबी हातात घेताना त्यांना किळस आली तेव्हा त्याने त्यांची फार चेष्टा केली होती. धाकटीला हे माहीत नव्हतं. त्याने कधी सांगितलंच नव्हतं. ती त्या बाईच्या तोंडाकडे बघत राहिली.

“आता तुमच्या मंडळात माणसं उरली नाहीत, असं ऐकलं,” बाई म्हणाली. “ती जागा जायची तेव्हा जाईल. तोवर आम्ही येतो ना. उद्या रविवार आहे, बाराजणी येतो. त्यांचे आमच्यावर फार उपकार आहेत.”

म्हातारा शेजारीच उभा होता. एकतीस वर्षं या वाक्याला तो एकच उत्तर देत आला होता, आणि ते त्याच्या तोंडून आपोआप निघालं.

“या की. सहाला या.”

धाकटीने हातातला कप टेबलावर ठेवला.

“येऊ नका,” ती म्हणाली. “ते गटाराचं पाणी आहे. माझा नवरा त्यानेच मेला. यांना माहीत होतं.”

ती ओरडली नव्हती, पण आजूबाजूचं बोलणं थांबलं. बाईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे. तो हे नाकारील असं तिला वाटत असावं, कारण ती बराच वेळ थांबली. मग तिने फ्रेम बगलेत घेतली आणि आपल्या बायकांकडे निघून गेली. पॅसेजच्या टोकाला साहेबांशी बोलत उभा असलेला इंजिनिअर इकडे वळला. तोवर धाकटी जिन्याच्या चार पायऱ्या उतरली होती. वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, आणि ती धाकटीच्या मागे गेली.

त्या संध्याकाळी वहिनीनेच तिला कपडे भरायला मदत केली. प्रेसमधल्या एका बाइंडर बाईच्या घरी वरची खोली रिकामी होती. जाताना धाकटीने नवऱ्याचा फोटो भिंतीवरून काढला नाही. सासऱ्यांना ती एवढंच म्हणाली की गॅसची नळी जुनी झाली आहे, बदलून घ्या. इंजिनिअर दारात गाडीची किल्ली घेऊन उभा होता, पण दोघी रिक्षाने गेल्या. वहिनी धाकटीला पोचवून येते म्हणाली होती. ती त्या रात्री इंजिनिअरच्या घरी परतली नाही, माहेरी गेली.

*

रविवारी सकाळी म्हातारा सहाच्या आधीच तळ्यावर पोचला. बायकांना येऊ नका म्हणून सांगून झालं होतं, पण बाराजणींना निरोप पोचलाच असेल याची त्याला खात्री वाटेना. एखादी चुकून आली, पाण्यात उतरली तर? आली की वाटेतच गाठायचं आणि आपल्या तोंडाने सांगायचं. काल जी वाक्यं स्टेजवर निघाली नव्हती ती आज निघतील असं त्याला वाटत होतं. एका माणसापुढे बोलायला माइक लागत नाही.

तो वाटेच्या तोंडाशी उभा राहिला. कुणी येताना दिसलं की त्याची छाती धडधडे. दूधवाला गेला. कुत्रं घेऊन एक माणूस गेला. सात वाजले. बायका आल्या नाहीत. त्या येत नाहीत हेच बरं, हे त्याला कळत होतं, आणि तरी तो वाटेकडे डोळे लावून उभा होता, कारण आज त्याला कुणाला तरी सांगायचं होतं आणि घरी कुणी नव्हतं.

साडेसातच्या सुमाराला एका ट्रेलरवरून तळं बुजवायचं पिवळं मशीन आलं. भरावाचं काम उद्यापासून होतं, मशीन आज आणून ठेवायचं होतं. ऑपरेटरने ते ट्रेलरवरून उतरवलं आणि वाटेने आत घ्यायला लागला. म्हातारा वाटेच्या मधोमध होता. तो पुढे झाला, हात वर केला आणि बोलू लागला. हे पाणी गटाराचं आहे, असं त्याने सांगितलं. तीन झरे होते, तिन्ही आटले, असं सांगितलं. माझा मुलगा यात उतरत होता आणि मला माहीत होतं, हेही सांगितलं. ते सगळं तो न अडखळता बोलला. इंजिन चालू होतं. ऑपरेटरला त्याचे ओठ हलताना दिसत होते. त्याने कानाजवळ हात नेऊन ऐकू येत नाही अशी खूण केली. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून तो मोठ्याने म्हणाला,

“आजोबा, जरा बाजूला व्हा.”

म्हातारा बाजूला झाला.